कर्बोदकं बंदच करायची की नुसती कमी?

मी दोन्ही करून पाहिलंय. पाच महिने दिवसाला वीस ग्रॅमच्या आत, आणि आता दोन वर्षं बेतानं.

शून्यवाल्यांचा मुद्दा आधी मान्य करतो. अत्यावश्यक, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारी, खाण्यातूनच घ्यावी लागणारी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) नऊ, मेदाम्लं (चरबीचे घटक) दोन. अत्यावश्यक कर्बोदक एकही नाही. मेंदूला ग्लुकोज लागतं, तांबड्या पेशींचं तर त्याशिवाय अडतंच. पण यकृत ते प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून बनवतं. काही आठवड्यांत मेंदूही बराचसा कीटोनवर, म्हणजे यकृत चरबीपासून बनवतं त्या इंधनावर, चालू लागतो. ध्रुवप्रदेश पालथा घातलेला स्टेफान्सन १९२८ मध्ये न्यूयॉर्कला डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर मांसावर राहिला आणि ठणठणीत होता. तेव्हा 'कर्बोदकांशिवाय माणूस जगूच शकत नाही' हे काही खरं नाही.

माझंही बरं चाललं होतं. दोन जेवणांमधली ती वखवख गेली. रात्री पोटरीत गोळे यायचे, पण इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात हे कळल्यावर मीठ वाढवलं आणि ते थांबले.

थांबला नाही तो वास. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अरे, नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली सांडलीय का कुठे?" बाटली कसली, मीच होतो! दात घासले, जीभ खरवडली, चुळा भरल्या. काही फरक नाही. पडणार कसा? कीटोनमधलं अॅसिटोन रक्तातून फुप्फुसात उतरतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं, तोंडाचा बिचाऱ्याचा दोषच नाही. पेपरमिंट चघळावी तर तीत साखर. लोक म्हणतात, हळूहळू जातो. माझा पाच महिन्यांत गेला नाही. मीटिंगमध्ये मी बोलताना तोंडावर हात धरायला लागलो, तेव्हा पुरे म्हटलं.

ज्यांना अपस्मारासाठी डॉक्टरांनीच हा आहार दिलाय त्यांचं गणित वेगळं. तिथे वासाची तक्रार कोण करेल? आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये. बाकीच्यांनी हवं तर महिनाभर करून बघावं, एखाद्याला मानवेलही.

मी सध्या फळं, डाळी, थोडं धान्य असं शंभर-सव्वाशे ग्रॅमवर आहे. भूक तेव्हाइतकी गप्प नसते, पण पोट वेळेवर साफ होतं. परतल्यावर आठवड्यात वजन दीड किलोनं वाढलं. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं साठवलेलं ग्लुकोज, साठताना तिप्पट पाणी धरतं म्हणतात, तेव्हा ते पाणीच असावं असं मी धरून चाललोय.