कर्वे रोडवरचा मिक्सिंग वर्ग: कॉम्प्रेसर पैसा वसूल, रिव्हर्ब उधारीवर

एकांकिकांना साउंड करताना मी बटणं अंदाजपंचे फिरवायचो, म्हणून कर्वे रोडवरच्या एका स्टुडिओचा शनिवार-रविवारचा वर्ग लावला. सर वहीत व्याख्या उतरवून देत नाहीत, हे फार बरं.

कॉम्प्रेसरसाठी (ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो तो) त्यांनी थेट तबल्याचा ट्रॅक लावला. रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४:१, म्हणजे थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) ८ डीबी (डेसिबल) वर गेलेला आवाज २ डीबीच वर राहतो, हे मीटरवर दाखवलं. मग अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंदावर आणला. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ पार बोथट! ३० वर नेला, तर तोच बोल पुन्हा खणखणीत. गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) आणि फेडरचंही (बाहेर जाणारा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) तसंच: गेन चढवून आवाज आधीच फाटला असेल, तर फेडर खाली ओढून तो फाटकाच ऐकू येतो, फक्त हळू. (आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हे ऐकवायला हवं.)

रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. प्री-डिलेबद्दल (मूळ आवाजानंतर घुमारा किती उशिरा सुरू होतो ते) विचारलं तर म्हणाले, “ते पुढच्या बॅचला.” फी अर्थात वेगळी. पार्किंगच्या नावानं बोंब. आणि हेडफोन स्वतःचे न्या, तिथल्यांच्या गाद्या सोलल्यात.