रांगेचं चित्र की खरी रांग?

निषेधही कसा विकाऊ माल होतो, हे एकाच कलाकृतीतून वर्गात शिकवायचं असेल, तर माझ्या मते निवड दोघांत आहे: ओळख लपवून काम करणारा ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सी याचं 'फेस्टिव्हल' हे २००६ सालचं छापचित्र आणि अमेरिकन कलाकार बार्बरा क्रुगर यांचा न्यूयॉर्कमधला २०१७ सालचा 'द ड्रॉप' हा प्रकल्प.

बँक्सीचं चित्र समजायला क्षणही लागत नाही. टी-शर्टच्या स्टॉलपुढे पंक, हिप्पी अशी मंडळी रांग लावून उभी आहेत. शर्टावर 'भांडवलशाही नष्ट करा', किंमत ३० डॉलर. पडद्यावर दाखवलं की शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतं. पण आपण हसतो ते रांगेतल्यांना; स्वतः बाहेरच राहतो. माझी तक्रार हीच आहे. या छापचित्राच्या प्रतीही आता लिलावात विकल्या जातात, मात्र ते चित्रात दिसत नाही, आपल्याला सांगावं लागतं.

क्रुगर यांच्यासाठी आधी पूर्वपीठिका द्यावी लागते. लाल चौकटीत पांढरी अक्षरं ही त्यांची ओळख. 'मी खरेदी करते, म्हणून मी आहे' हे काम १९८७ चं. पुढे १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'सुप्रीम' या स्केटबोर्ड ब्रँडची खूणही तशीच, लाल चौकटीत पांढऱ्या अक्षरांची. २०१३ मध्ये याच सुप्रीमने आपल्या खुणेची नक्कल केली म्हणून दुसऱ्या एका कपड्यांच्या ब्रँडवर १ कोटी डॉलरचा दावा लावला! क्रुगर कोर्टात गेल्या नाहीत. परफॉर्मा या परफॉर्मन्स-कलेच्या महोत्सवात 'द ड्रॉप' म्हणून त्यांनी चक्क दुकान उघडलं आणि आपल्या अक्षरांचे हुडी, टी-शर्ट, स्केटबोर्ड विकायला ठेवले. अशा ब्रँडच्या दुकानांबाहेर लागते तशी रांग तिथे खरोखरच लागली. बँक्सीने काढलेली रांग इथे जिवंत झाली, आणि हुडी घेणाऱ्याला 'मी फक्त बघत होतो' म्हणण्याची सोय उरली नाही.

मग क्रुगरही माल विकूनच मोकळ्या झाल्या का? हा प्रश्न मुलं विचारतीलच, आणि तो महत्त्वाचा आहे. त्यावर वर्गात वाद होऊ द्या, घाईने मिटवू नका.

हाताशी दहाच मिनिटं असतील तर बँक्सी घ्या. तासभर असेल किंवा निबंध लिहायचा असेल तर बेलाशक क्रुगर. आणि सुरुवात दुकानापासून नको, मेट्रोकार्डांपासून करा. त्याच प्रकल्पात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची ५०,००० कार्डं त्यांचे प्रश्न छापून निघाली होती: 'कोणाच्या आशा? कोणाची भीती?' तिथे रांग नव्हती, हुडी नव्हता, रोजच्या प्रवासाचं कार्ड तेवढं होतं.