रेडिएटर फॅन फिरत नाही: टेस्ट लॅम्प घ्यावा, मल्टीमीटर की स्कॅनर?

हायवेवर टेंपरेचरचा काटा जागचा हलला नव्हता. खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं आणि पाच मिनिटांत काटा लाल रेघेकडे सरकला. एसीची हवाही गरम यायला लागली. पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो, म्हणून फॅन बंद पडल्याचं कळतं ते गाडी थांबल्यावरच. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने पातं हाताने फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मोटर गेली, बदलावी लागेल." बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावल्या, तर ती गरगर फिरली. दोष वायरिंगमध्ये होता.

तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, घरी तपासायला नेमकं काय घ्यावं? उत्तर द्यायचं तर आधी फॅनच्या सर्किटचे दोन भाग वेगळे करावे लागतात. एक जाड वायरीचा: बॅटरी, ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज, रिलेचे (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) ३० आणि ८७ नंबरचे पॉइंट, कप्लर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा), मोटर आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी बाजू). दुसरा बारीक वायरीचा: कूलंट सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि रिलेची कॉइल, म्हणजे ८५ आणि ८६. जे एका भागात उपयोगी पडतं, ते दुसऱ्या भागात फसवू शकतं.

गाडीच्या सॉकेटला लावून ईसीएमची माहिती मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर बारीक वायरीच्या बाजूला उत्तम. सकाळी थंड गाडीला लावून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा, दोन्ही जवळपास सारखं हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल, तर बहुधा सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कप्लर निघाला आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात, तेव्हा हे फार होतं. पी ०४८० हा बिघाडाचा कोड आला तर फॅनच्या कंट्रोलकडे, म्हणजे आधी रिलेच्या कॉइलकडे पाहायचं. पण साध्या रिलेच्या गाड्यांत ईसीएमला दिसते ती फक्त कॉइल. त्याने रिले ओढला की त्याच्या हिशेबी फॅन चालू. पुढे मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) संपले असोत की कप्लर जळालेला असो, स्कॅनर 'कोड नाही' असंच सांगतो. माझ्या गाडीत अगदी हेच झालं होतं.

मल्टीमीटरवर माझा बराच भरवसा होता. मोटरचा कप्लर काढून पिना टेकवल्या, १२.४ व्होल्ट दिसले. सप्लाय येतोय, म्हणजे वायर ठीक, असं कुणीही म्हणेल. इथेच घात होतो. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच पिनांना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, तर तो विझत्या निखाऱ्यासारखा लालसर पेटला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खराब सांधा तेवढ्यातच उघडा पडला. मागे माग काढत रिले बॉक्सच्या कप्लरपर्यंत गेलो, तर एक पिन तपकिरी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला खर्च टेस्ट लॅम्पवर करा, तोही खऱ्या बल्बच्या. होल्डर, दोन वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप एवढ्यात घरीच होतो. पेन्सिलसारखा एलईडीवाला या कामाला नको, तो सडक्या वायरीवरही झगझगीत लागतो. मात्र बल्बवाला लॅम्प सेन्सर, ईसीएम किंवा एअरबॅगच्या वायरींना अजिबात लावू नका, तिथे मीटरच हवा.

मीटर दुसरा घ्या आणि तो फॅन चालू असताना वापरा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या अर्थच्या पिनेवर. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट खोलून घासा. कोकणातल्या गाड्यांत खाऱ्या हवेने तिथे गंज धरतो. रिलेची कॉइल मोजायलाही मीटरच लागतो, साधारण ७० ते १०० ओहम यावेत. मोटरचा करंट मात्र १० अँपिअरच्या खाचेतून मोजू नका. फॅन सुरू होताना त्याहून बराच जास्त ओढतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. त्यासाठी वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, तेव्हा घेताना विचारून घ्या.

काहीही विकत घेण्याआधी दोन फुकटच्या चाचण्या करा. इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बऱ्याच गाड्यांत लगेच फॅन लागतो. एसीवर लागतो पण इंजिन तापल्यावर लागत नसेल, तर संशय सेन्सरवर. मग इंजिन बंद करून हॉर्नचा रिले तसाच आणि त्याच नंबरचा असेल, तर फॅनच्या जागी लावून पाहा. हे करताना हात आणि ओढणी पात्यापासून लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

नव्या गाडीत फॅनच्या मोटरलाच कंट्रोल मॉड्यूल असेल आणि वेग पायऱ्यांनी न वाढता हळूहळू वाढत असेल, तर हा क्रम उलटा करा. तिथे सिग्नलच्या वायरीला बल्ब लावणं धोक्याचं आणि साध्या मीटरवरच्या आकड्याचा अर्थ लावणं कठीण. फॅन हुकूम देऊन फिरवता येईल असा स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच गाडी न्यावी.

माझ्या गाडीत नवा कप्लर क्रिम्प करून बसवला. फॅन चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरपर्यंत मोजलं, ०.२ व्होल्ट. मोटर अजून तीच आहे.