‘खात्रीचं भाडं’ आणि माझ्या नावावर परस्पर घेतलेले नऊ लाख

पुण्यात ज्यांचा एखाददुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि जे ‘हेवी डिपॉझिट’वर (म्हणजे दरमहा भाड्याऐवजी एकदम मोठी, परत मिळणारी रक्कम देऊन) घर शोधतायत त्यांच्यासाठीही. ‘खात्रीचं भाडं’ देतो म्हणणाऱ्या मधल्या माणसाच्या या प्रकारात मालक आणि राहणारा असे दोघंही एकाच वेळी लुटले जातात, आणि सुरुवातीला एकमेकांनाच चोर समजून भांडत बसतात. मधल्या माणसाला पळायला तेवढा वेळ पुरतो.

आमचा टू बीएचके खराडीत, आम्ही राहतो कर्वेनगरला. गीझर बिघडला म्हणून नगर रोडच्या ट्रॅफिकमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणं काय असतं, हे ज्यांचे फ्लॅट लांब आहेत त्यांना सांगायला नको. त्यात भाडेकरू सोडून गेला की पुढचा मिळेपर्यंत मेंटेनन्स खिशातून. स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकत करात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिल्यावर गेलीच. वर सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क. (१ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आमच्या कमिटीला हे पटवायला आदेशाची प्रत हातात घेऊन मीटिंगला जावं लागलं होतं. असो.)

मागचा भाडेकरू गेल्यावर मी ऑनलाइन जाहिरात टाकली, तर पहिला फोन कोणाचा? एका ‘लष्करी अधिकाऱ्याचा’. पुण्यात बदली झालीय, फ्लॅट न बघताच पसंत, डिपॉझिट लगेच पाठवतो, फक्त ‘मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठी लागतो, एवढं मला माहीत होतं, म्हणून फोन ठेवला. कोणी यात अडकलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पण या असल्या फोनांनी जीव इतका विटला की पुढे जो माणूस आला तो देवमाणूसच वाटला.

खराडीतच एका कॉम्प्लेक्समध्ये त्याचं एसी ऑफिस होतं, दोन मुलं कामाला. “काकू, भाडेकरू शोधणं, गळती, पोलिस व्हेरिफिकेशन, सोसायटीची कटकट, सगळं माझ्याकडे. फ्लॅट भरलेला असो की रिकामा, पाच तारखेला ३० हजार तुमच्या खात्यात.” बाजारभाव त्याहून चार-पाच हजारांनी जास्त होता, तो फरक त्याची कमाई. हिशोब सरळ होता, आणि असा धंदा सचोटीने करणारे लोकही पुण्यात आहेत.

करारही कच्चा नव्हता. ३६ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार), लायसन्सी म्हणजे घर घेणारा तो स्वतः, आणि ‘फर्मचे कर्मचारी राहू शकतील’ असं एक कलम. त्याच्या ऑफिसातला एक मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, डायनिंग टेबलावर सगळं उरकलं. एकूण भाडं आणि ६० हजारांच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का म्हणजे २,७४५ रुपये मुद्रांक आणि १,००० रुपये नोंदणी फी. तेही त्यानेच भरले. जाताना ‘फाइलसाठी’ म्हणून माझं आधार, पॅन, इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा, मालकाचं नाव असलेला उतारा) आणि लाइट बिल यांच्या प्रती घेऊन गेला.

साधारण वर्षभर पाच तारीख चुकली नाही. मग एक महिना उशीर, पुढचा महिना अर्धा, मग ‘अकाउंट फ्रीज झालंय काकू’, आणि शेवटी फोन बंद. ऑफिसवर गेले तर शटर खाली आणि त्यावर जागा भाड्याने देणे आहे असा कागद.

फ्लॅटवर गेले. दार एका तरुण बाईने उघडलं. मी मालकीण म्हटल्यावर तिने आत बसवलं, पाणी दिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, “मावशी, घर रिकामं करायला सांगायला आलात का? आमची मुदत अजून वर्षभर आहे ना, आणि नऊ लाख एकदम परत द्यायचं जमेल का तुम्हाला?”

कसले नऊ लाख?

तिने कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार, नोटरीचा लाल गोल शिक्का, डिपॉझिट ९ लाख, भाडं शून्य, मुदत दोन वर्षं. सोबत माझ्या नावाचं कुलमुखत्यारपत्र, की मी या गृहस्थाला फ्लॅट देण्याचे आणि पैसे घेण्याचे सगळे अधिकार दिले आहेत. सही माझ्या सहीसारखीच, फक्त प्रत्येक पानावर तंतोतंत एकसारखी. हाताने केलेल्या सह्या अशा येत नाहीत. आणि फोटो? फोटो तर खराच होता. आमच्या डायनिंग टेबलाशी वेबकॅमने काढलेला, मागे स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगलेलं कालनिर्णय, ऑगस्टचं पान. कुलमुखत्यारपत्राची तारीख डिसेंबरची होती. म्हणजे मी ज्या नोंदणीकृत कराराच्या जोरावर निर्धास्त होते, त्याच्याच स्कॅनमधून माझा चेहरा आणि सही उचलून दुसरा कागद बनवला होता.

मालक म्हणून आपलं सगळं लक्ष भाड्यावर असतं. आलं की नाही, किती आलं, वाढ किती. पण यात चोरी भाड्यात होतच नाही, ती डिपॉझिटमध्ये होते, आणि ते डिपॉझिट आपल्या नावाने दुसऱ्याच माणसाकडून घेतलेलं असतं. त्या कुटुंबाचे नऊ लाख याने घेतले. मला वर्षभरात डिपॉझिटसकट साधारण सव्वाचार लाख दिले. उरलेले पावणेपाच लाख त्याचे. आणि असा फ्लॅट माझा एकटीचाच नव्हता. एकाचं डिपॉझिट दुसऱ्याच्या भाड्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. नवे फ्लॅट मिळत होते तोवर पाच तारीख पाळली जात होती.

त्या बाईचा नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला. मूळचे लातूरचे. पीएफ आणि सासऱ्यांचे थोडे, असे मिळून पैसे उभे केलेले. संध्याकाळी तो आला तेव्हा पहिला अर्धा तास आम्ही एकमेकांवर ओरडलो. तो म्हणे तुम्ही मिळालेल्या आहात, मी म्हणे तुम्ही घर बळकावलंय. मग मी माझ्या कराराची प्रत त्याच्या कागदाशेजारी ठेवली, आणि ते कालनिर्णय त्यालाही दिसलं.

“नोंदणी का नाही केलीत?” मी विचारलं. तर याने त्यांना सांगितलं होतं की नऊ लाखांच्या करारावर पन्नास-साठ हजार स्टॅम्प ड्युटी बसेल, ती वाचवू. प्रत्यक्ष गणित असं: परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, दोन वर्षांचे १ लाख ८० हजार, त्याच्या पाव टक्का म्हणजे ४५० रुपये. नोंदणी फी १,०००. दीड हजारांच्या आत काम होतं. पण नोंदणी म्हटली की मालकाचा आधारवरचा अंगठा लागतो, आणि तो तर कर्वेनगरात होता.

पोलिसांत मी एकटी गेले तेव्हा ‘भाडं थकलंय ना, मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा’ असं ऐकलं. तो बिचारा एकटा गेला तेव्हा ‘डिपॉझिटचा वाद आहे, मालकाशी बोला’. दोघांनी एकत्र, दोन्ही करार शेजारी ठेवून लेखी तक्रार दिली तेव्हा चित्र बदललं, कारण आता बनावट दस्त समोर होता. भारतीय न्याय संहितेखाली फसवणूक, विश्वासघात आणि खोटे दस्त बनवून वापरणे अशी कलमं लागली. ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच: आत राहणाऱ्या माणसाशी वैर धरू नका, त्याला सोबत घ्या. त्याच्याकडचा कागद हाच तुमचा पुरावा आहे.

ताब्याचं काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ मालकाच्या बाजूचं आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण ‘मुदत संपल्यावर’. माझ्या कराराची मुदत तर छत्तीस महिने, निम्मीही सरली नव्हती. लांबचा करार म्हणजे सुरक्षितता असं मला सांगितलं गेलं होतं. खरं तर त्या लांबीने माझेच हात बांधले होते. वकिलांनी आधी करार रद्द केल्याची नोटीस पाठवायला लावली, आणि त्या कुटुंबाशी वेगळा लेखी समझोता झाला: मुलीची परीक्षा होईपर्यंत राहावं, मेंटेनन्स आणि लाइट बिल त्यांनी भरावं, मग ताबा द्यावा. त्यांनी शब्द पाळला. नातेवाईक म्हणाले, तू फारच नमतं घेतलंस. घेतलं असेल. कोर्टात उभं राहून त्या मुलीची शाळा बुडवून मला काय मिळणार होतं?

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, यांना आत घेतलंत कसं? “तुमचं पत्र आलं होतं की, मॅडम.” ते पत्रही बनावटच. पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती ‘मी करून टाकतो’ म्हणाला होता, ती दिलेलीच नव्हती. ही माहिती मालकाला घरबसल्या ऑनलाइन भरता येते, त्याला मध्ये कोणी लागत नाही. सोसायटीला आता मी माझ्या मेलवरून कळवून ठेवलंय की माझ्या फोनवर खात्री केल्याशिवाय कोणत्याही पत्रावर कोणाला प्रवेश द्यायचा नाही. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली देते, आणि प्रतीवर आडवं लिहिते: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

घर शोधणाऱ्यांनी एवढं बघा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे खरा मालक नोंदणीला नाही म्हणत असेल तर आधीच पाल चुकचुकली पाहिजे. डिपॉझिट इंडेक्स टूवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाका, एजंटच्या फर्मच्या नाही. कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, जमल्यास भेटा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे दस्त दिसतात, तेही बघून घ्या.

केस चालू आहे. त्या कुटुंबाला अजून एक रुपया मिळालेला नाही, मला थकलेलं भाडं मिळालेलं नाही. फ्लॅट आता अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर थेट दिलाय, गीझरसाठी पुन्हा नगर रोडने जाते. तुमचा फ्लॅट अशाच कोणा खात्रीचं भाडं देणाऱ्याकडे असेल, आणि भाडं अगदी वेळेवर येत असेल, तरी या रविवारी जाऊन दार वाजवा आणि आत जो कोणी आहे त्याला विचारा: डिपॉझिट किती दिलंत, आणि कोणाच्या खात्यात?