पूर्व भागातील वाचनालय: सहा महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या वाचनालयाचा मी सहा महिन्यांपासून वर्गणीदार आहे. एक पुस्तक आणि एक मासिक मिळते. मुदत पंधरा दिवसांची.

स्थानिक इतिहासाचे कपाट हे येथील खरे वैभव आहे. मे १९३० मधील मार्शल लॉ आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्याविषयीचे पुस्तक मी तेथूनच नेले. ज्या चार पुतळ्यांवरून मी वर्षानुवर्षे ये-जा केली, त्यांची नावेही मला एका दमात सांगता आली नसती, याची ते वाचताना लाज वाटली.

वाचनकक्षात यंत्रमागांचा खटखटाट सतत ऐकू येतो. आठवडाभरात त्याची सवय होते आणि वीज गेल्यावर पसरणारी शांतताच उलट खटकते. शेजारच्या बाकावर दोन वृद्ध विणकर तेलुगू वृत्तपत्रावरून हलक्या आवाजात वाद घालतात व मध्येच मराठीत माझे मत विचारतात.

उणिवा आहेत. नवी पुस्तके क्वचित येतात आणि मे महिन्याच्या दुपारी एकच पंखा अगदीच अपुरा पडतो. एका रहस्यकथेची शेवटची आठ पाने गायब निघाली, तेव्हा ग्रंथपालांनी ‘आधीच्या वाचकांना विचारतो’ असे सांगितले. त्याला दोन महिने झाले. पुढील सहामाहीची वर्गणी मी भरली आहे, मात्र आता पुस्तक नेताना शेवटचे पान आधी पाहतो.