गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्याचं जॅकेट : पाचपैकी तीन स्टार, अन् मे महिन्यात दोनच

आमचा बंड्या गल्लीतला साधा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, एरवी मोकाट डुकरांच्या अंगावर जाणारा गडी, पण आभाळ गडगडलं की बाथरूममध्ये बादलीच्या मागे. शेजारच्यांचं छत टिनाचं, त्यावर पाऊस पडला की आवाज दुप्पट. मे मधल्या अवकाळीच्या रात्री त्यानं दाराची चौकट खरवडून नख तोडून घेतलं, तेव्हा हे जॅकेट ऑनलाइन मागवलं, साडेअकराशेला. ते अंगाला घट्ट बसून घाबरलेल्या कुत्र्याला धीर देणारे थंडरशर्ट येतात ना, त्याच प्रकारातलं देशी. कंपनीचं नाव नाई सांगत.

पहिलं रडगाणं साईजचं. चार्टमधलं वजन पाहून घेतलं अन् फसलो. इंडीची छाती खोल, कंबर बारीक, म्हणजे छातीला बरोबर अन् पोटाखाली झोळी. सगळं काम तर दाबावर आहे, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं, ढिल्लं असलं तर नुसता सदरा. आईनं मशीनवर दोन टिपा मारल्या तेव्हा कुठं बसलं. टेप घेऊन पुढच्या पायांमागून छाती मोजा, मगच ऑर्डर करा.

दुसरी चूक माझी. बाहेर कडकडाट चालू, हा थरथरून राहिला, अन् मी त्यात व्हेल्क्रो खर्रकन उघडला. झालं, तो जॅकेटलाच भ्यायला! मग आठ दिवस कोरड्या हवेत, रोज दहा मिनिटं, चिकनचे तुकडे चारत चारत घालायची सवय लावली. आता ढग भरून आले की आधीच चढवतो. वीज चमकल्यावर आवाज यायला दर तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशोब असतो, मी सेकंद मोजत बसतो पण हा आधीच कान टवकारून उभा.

गुण आला का? अर्धा. लांबच्या गडगडाटात आता दिवाणाखाली गप पडून राहतो, बिस्किटही खातो, पहिले तोंड लावत नव्हता. डोक्यावरच कडाडलं की जॅकेटसकट बाथरूममध्ये.

खरी गोची उन्हाळ्याची. आपल्याकडे वादळ आलं की लाईट जाते, कूलर बंद, खोलीची भट्टी, अन् वरून हे जाड कापड. कुत्रा माणसासारखा घामानं गार होत नाई, धापा टाकूनच होतो, आणि भीतीनंही धापाच टाकतो, म्हणजे उकडून राहिलं की घाबरला ते कळतच नाई. जूनच्या सुरुवातीला एकदा अंग इतकं तापलं की मी काढूनच टाकलं आणि ओल्या टॉवेलनं पोट-पंजे पुसले. जुलैत मात्र काही त्रास नाई झाला.

बाबांचं म्हणणं होतं की लाड करू नका, जास्त घाबरेल. आमच्या व्हेट मॅडम म्हणाल्या, भीती म्हणजे नखरा नाई, खुशाल जवळ घ्या. जास्तच घाबरत असेल तर औषधं आहेत पण ती त्यांनीच वजन पाहून द्यायची, घरातली माणसाची झोपेची गोळी अजिबात नाई, काही गोळ्यांनी तर कुत्रा नुसता लोळागोळा होतो अन् आतून तेवढाच घाबरलेला असतो.

व्हेल्क्रोत केस भारी अडकतात, जुन्या टूथब्रशनं काढतो. दिवाळीत सुतळी बॉम्बसमोर किती टिकतं ते पाहून स्टार बदलीन.