पायऱ्यांवरचा हिशेब आणि समितीतला हिशेब

विरोधकांनी राज्य सरकारच्या कामाचं मूल्यमापन पायऱ्यांवर करावं की समितीत? अधिवेशनाच्या आदल्या दिवशी चहापानावर बहिष्कार, मग पत्रकार परिषद, दुसऱ्या दिवशी विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक. राज्य सरकारच्या कामाचं मूल्यमापन म्हणून विरोधकांचं एवढंच आपल्याला दिसतं. ते वाया जात नाही. विरारच्या लोकलमधल्या माणसापर्यंत शेतकऱ्याचा प्रश्न त्यामुळेच पोचतो. पण घोषणेला मंत्री घोषणेनंच उत्तर देतो.

दुसरा मार्ग लोकलेखा समितीचा, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या आमदारांच्या समितीचा. तिचं अध्यक्षपद परंपरेने विरोधी पक्षाकडे असतं. राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि ही समिती सचिवांना समोर बसवून विचारते: निधी मंजूर झाला, मग खर्च का नाही झाला? ‘लाडकी बहीण’चे महिना १५०० रुपये कोणत्या खात्याला कात्री लावून आले, हे पायऱ्यांवर ओरडून कळणार नाही; कागद मागवावे लागतील. अडचण एकच, पण मोठी: अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवला जातो, चर्चेला वेळच उरत नाही.

मला विचाराल तर दुसराच मार्ग बरा. विरोधकांनी समितीच्या बैठकीला तयारीनिशी बसावं आणि तिथे सापडलेला आकडाच फलकावर लिहावा.